मोहाखालची विकलेली गाडी

शंकर नगर, रायपूर
१ ऑक्टोबर, मंगळवार
(उद्या सर्वपित्री अमावस्या, परवा घटस्थापना)

तीर्थस्वरूप अनंतदादांच्या पायांशी शालिग्रामचा नमस्कार पोचावा.

तुमचा डावा गुडघा आता जिना सरळ चढतो, की अजून प्रत्येक पायरीवर थांबून विचार करतो, ते सविस्तर कळवावं. वहिनींना सांगा, त्यांनी पाठवलेल्या सांडग्यांचा डबा रिकामा झाला आणि धुऊन ठेवला आहे (यात काय सुचवायचं आहे ते त्यांना कळेल). इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमची बहीण वनमाला खुशाल आहे. हे पत्र तिला न दाखवता लिहून राहिलो, म्हणून तिच्या खुशालीची हमी माझ्या एकट्याची समजावी. निधी बँकेत लागल्यापासून मराठीत ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. काल विचारलं, पोट्टी, जेवली का, तर म्हणे, बाबा, आप टेन्शन मत लो. जेवली की नाही ते मला अजून कळलेलं नाही. फोनच केला असता, पण तुम्ही फोनवर ऐकलेलं मानत नाही, कागदावर आलेलं मानता, हा तुमचा रेल्वेचा गुण आहे. शिवाय आमच्या घरात बैठकीत फोनवर बोललेलं स्वयंपाकघरात आधी पोचतं आणि पलीकडच्या माणसाला नंतर.

तुमचं पत्र गेल्या सोमवारी मिळालं, आतलं वर्तमानपत्राचं कात्रणही मिळालं. ऑगस्ट महिन्यात कोणत्या कंपनीच्या किती गाड्या विकल्या गेल्या त्याचा तक्ता, आणि त्यातल्या एका कंपनीभोवती तुमच्या लाल पेन्सिलीचं गोल. (ती कंपनी आकाराने सगळ्यांत लहान, म्हणून मी तिला धाकटी म्हणेन. मोठीला थोरली, आणि दोघींच्या मधलीला मधली. खरी नावं लिहीत नाही, कारण तिघींचीही माणसं माझ्या दुकानात येतात आणि मी तिघांशीही तितकाच गोड बोलतो.) धाकटीची विक्री गेल्या ऑगस्टपेक्षा एक्केचाळीस टक्क्यांनी वाढली, चौतीस वर्षं मालधक्क्याच्या ऑफिसात आकडे लिहिले आणि आकडा कधी खोटं बोलला नाही, तेव्हा दसऱ्याला धाकटीचीच गाडी घ्यावी असं मनात आहे, तुम्ही या लाइनीतले, तुमचं काय मत, असं तुम्ही विचारता. दादा, तुम्ही मला मत विचारलं याचा आनंद मी दोन दिवस अंगावर वागवला. तिसऱ्या दिवशी ते गोल पुन्हा पाहिलं आणि झोप उडाली. ती का उडाली ते सांगायला जरा वळसा घ्यावा लागेल, तोवर चहा मागवून घ्यावा.

मी या लाइनीतला म्हणजे काय, तर शिंपी. तुमसरहून सतराव्या वर्षी आलो तेव्हा इथल्या पंडरीच्या बाजारात कापडवाल्यांच्या मागच्या बोळात ताडपत्रीखाली बसून जीपच्या सीटा शिवायचो. आता शंकर नगरात काचेचं दुकान आहे, आत गार हवा आहे, पण धंदा तोच. दिवसभर शिलाई मशीन कानाशी चालल्याने लोकांचे कान जातात, माझे उलटे धारदार झाले. मशीनच्या आवाजापलीकडून गिऱ्हाईक बायकोच्या कानात किती बजेट सांगतो ते ऐकू यायचं, आणि तेवढ्यावरच मी वर आलो असं वनमालाचं म्हणणं आहे. पाठ फिरवून बसलो तरी दाराच्या आवाजावरून गाडी ओळखतो. थोरलीचं दार स्टीलच्या डब्याच्या झाकणासारखं लागतं. मधलीचं दार कोणी गादीवर गादी टाकावी तसं. आणि नवी गाडी दुकानात आली की तिच्या सीटांवरचं प्लास्टिक फाडतात, त्याचा एक चर्र असा लांब आवाज होतो. तो आवाज म्हणजे खरी विक्री. महिन्यात किती वेळा चर्र झालं, ते मी बोटांवर ठेवतो आणि त्यावरून सांगतो की शहरात कोणाची चलती आहे. पेपर मी नंतर वाचतो.

पेपर वाचायचं काम आमच्याकडे दत्तोपंतांचं. पाटबंधाऱ्यातून रिटायर झाले, स्वतःकडे सायकल आहे, पण गाड्यांच्या आकड्यांवर त्यांचं प्रेम धरणाच्या पाणीपातळीवर असावं तसं आहे. दर महिन्याच्या दोन तारखेला सकाळी चहाच्या टपरीवरच्या बाकावर ते आकडे मोठ्याने वाचतात आणि आम्ही पाच-सहा जण अर्थ लावतो. गंमत अशी की त्या यादीत कोणीच हरलेलं नसतं. थोरली एकूण संख्येत पहिली. मधली उंच गाड्यांमध्ये पहिली. धाकटी म्हणते, छताला खिडकी असलेल्या, पाच जणांच्या, अमुक लांबीच्या आतल्या गाड्यांमध्ये आम्ही पहिल्या. बालवाडीच्या गॅदरिंगमध्ये प्रत्येक पोट्ट्याला काही ना काही बक्षीस देतात ना, कोणाला स्वच्छ नखांचं, कोणाला वेळेवर रडायचं थांबल्याचं, तसा प्रकार. दत्तोपंत ते सगळे पहिले नंबर सारख्याच भक्तिभावाने वाचतात.

आता धाकटीचं सांगतो. सिलतऱ्याच्या अलीकडे माझी तीन एकर पडीक जागा आहे हे तुम्हाला माहीत आहे (तुम्ही पाहायला आला होता आणि म्हणाला होता, इथे काहीच उगवणार नाही). तिथे आता गाड्या उगवल्या आहेत. धाकटीच्या शोरूमने ती जागा भाड्याने घेतली आणि जूनपासून ट्रेलर येऊन तिथे गाड्या उतरवतात. शोरूमचा मॅनेजर पराग म्हणून आहे, नागपूरचाच, धंतोलीचा पोरगा, हाताशी कायम फोन आणि चेहऱ्यावर कायम महिनाअखेर. दादा, तुम्ही एकदा संध्याकाळी ते पाहायला या. एका ओळीत जवळपास चाळीस, अशा सहा ओळी, सगळ्या पांढऱ्या, एकीला एक लागून, कोणाची वाट न पाहता उभ्या. सिलतऱ्याच्या कारखान्यांची बारीक काळी धूळ दिवसभर त्यांच्यावर उतरते, आणि सूर्य कलला की त्यांचा रंग पांढरा राहत नाही, काळाही होत नाही, पाण्यात दूध पडून दूर जावं तसा काहीतरी होतो. वारा आला की सगळ्यांच्या आतलं प्लास्टिक एकदम अगदी हळू कुजबुजल्यासारखं वाटतं. मी तिथे उभा राहतो तेव्हा मला वाटतं, एवढे लोक प्रवासाला निघाले आणि मधेच कुठे गेले.

तर ऑगस्टअखेर जागा गच्च भरली. मी बाकावर सांगून टाकलं की धाकटी बुडाली. माझ्या बोटांवर तिचे चर्र अवघे एकोणीस होते आणि माझ्या जागेत उभ्या गाड्या दोनशे अडतीस. दत्तोपंत म्हणाले, पैज. आठ दिवसांचे समोसे लागले. दोन सप्टेंबरला त्यांनी पेपर उघडला, चष्मा पुसला आणि वाचलं की धाकटीची आजवरची सगळ्यांत मोठी विक्री, वाढ एक्केचाळीस टक्के. तुमच्याकडे लाल गोल झालं तोच आकडा. मी आठ दिवस समोसे दिले, आणि दत्तोपंतांनी ते चटणी अधिक मागून खाल्ले. नवव्या दिवशी परागला गाठलं. म्हटलं, अरे बाबा, या गाड्या विकल्याच नाहीत तर विक्री वाढली कशी. तो म्हणाला, "भैया, ये सब बिक चुकी हैं." म्हटलं, कोणाला. तो म्हणाला, "कंपनी के हिसाब से हमको. हमारे हिसाब से अभी किसी को नहीं." कारखान्यातून गाडी ट्रेलरवर चढली की कंपनी ती विकली म्हणून लिहिते, शोरूमवाल्याचं पुढे काय होतं तो त्याचा प्रश्न. म्हणजे दादा, माझ्या जागेत जेवढ्या जास्त गाड्या अडकून पडतील, तेवढा तुमच्या कात्रणातला आकडा मोठा. तुम्हाला हे मी काय सांगू. भिलाईहून वॅगन निघाली म्हणजे माल पोचला असं तुम्ही कधी लिहिलं असतं का. तुमचा आकडा खोटं बोलला नाही, कारण तुम्ही तो वॅगन रिकामी झाल्यावर लिहिला. यांचा आकडाही खोटं बोलत नाही, फक्त वॅगन निघताना बोलतो.

इथपर्यंत सगळं हिशेबी आहे. पुढचं जरा वेगळं आहे आणि ते तुमच्या-माझ्यातच ठेवावं.

त्या दोनशे अडतिसात एक गाडी पांढरी नाही. जूनच्या पहिल्या ट्रेलरमध्ये आली, रंग वांग्याचा, तोही भरताच्या वांग्याचा नाही, कोवळ्या, देठाशी हिरव्या असलेल्या छोट्या वांग्याचा. रायपुरात हा रंग कोणी घेत नाही. इथे पांढरी घेतात, फार तर राखाडी, आणि ज्याचा पोरगा परदेशात आहे तो काळी. म्हणून परागने तिला अगदी कोपऱ्यात, मोहाच्या झाडाखाली लावून टाकलं. किल्ल्या माझ्याच टिनाच्या खोलीत खिळ्यांवर टांगलेल्या असतात. जुलैत एकदा संध्याकाळी झोडपून पाऊस आला, मी मोहाखाली गेलो, तरी भिजायला लागलो, म्हणून तिचं दार उघडून आत बसलो आणि दार ओढून घेतलं.

दादा, आवाज गेला. पाऊस दिसत होता, ऐकू येत नव्हता. मोहाची पानं हलत होती, हायवेवरून ट्रक जात होते, सिलतऱ्याची ती रात्रंदिवसाची घरघर, जी माझ्या कानात बारा वर्षं आहे आणि जी मी आता घरघर म्हणून ऐकतही नाही, ती एकदम बंद झाली तेव्हा कळलं की ती होती. माझे कान म्हणजे चौकातलं दुकान, कधी शटर खाली आलं नाही. त्या दिवशी आलं. मी आयुष्यात हजारो गाड्यांत बसलो आहे, पण टेप घेऊन, वाकून, सीटच्या पाठीला हात लावत. नुसता बसायला कधी बसलो नव्हतो. पंधरा मिनिटं बसलो, पाऊस थांबला तरी बसलो. पुढच्या काचेतून मला पुढची पांढरी गाडी दिसत नव्हती, रस्ता दिसत होता. चिल्फीच्या घाटातून वर गेलेला, दोन्हीकडे सालाची झाडं, सकाळचं धुकं खाली राहिलेलं, आणि शेजारच्या सीटवर वनमाला, जी गेली कित्येक वर्षं गाडीत बसली की खडखडाटामुळे ओरडून बोलते, ती तिथे हळू आवाजात बोलत होती. काय बोलत होती ते कळलं नाही. पण हळू बोलत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती तशी बोलायची, तुम्हाला आठवत असेल, की नसेल, भाऊ लोकांना असलं काही आठवत नाही.

तेव्हापासून मी रोज जातो. ऊन मोहामागे गेलं की साडेपाचला. आधी चारही दारं उघडून वारा खेळवतो, मग दहा मिनिटं सगळं बंद करून बसतो. (जास्त वेळ बसवत नाही, घाम फुटतो, स्वप्नालाही हवा लागते.) कधी डोळा लागतो. कधी अमरकंटकला जातो, कधी तुमसरला शाळेच्या मैदानात नेऊन उभी करतो. एकदा तुमच्याकडेही आलो होतो, तुमच्या गल्लीत वळताना कुत्री भुंकताना दिसली, ऐकू आली नाहीत. पांढऱ्या गाड्या आसपास उभ्या असतात, त्यांना कुठे जायचं नसतं. आम्ही दोघंच जाऊन येतो.

मग घेऊन का टाकत नाही, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. निधी दहावी झाली तेव्हा वनमालाने एक नवी गाडी मागितली होती. एकदाच, अगदी साधेपणी, पोळ्या लाटता लाटता. मी तिला टेबलाशी बसवून, पेन्सिल घेऊन, नवी गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर पडताच कशी जुनी होते, शहाण्या माणसाने नेहमी दुसऱ्याने वापरलेलीच कशी घ्यावी, यावर घड्याळ लावून एक तास समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पोळ्या गार झाल्या. त्यानंतर आम्ही चार जुन्या गाड्या घेतल्या, आताची पाचवी आहे, तिचा मागचा दरवाजा लावायला निधी बाहेरून लाथ मारते. हेच भाषण मी पुढे दुकानात, बाकावर, लग्नांमध्ये, एका तेराव्यालाही केलं. आता मी कोणत्या तोंडाने घरात जाऊन म्हणू की वनमाले, मला नवी गाडी पाहिजे, कारण तिच्यात ऐकू येत नाही.

आणि आता वेळही राहिलेली नाही, तीही माझ्याच झोपेमुळे. गणपती विसर्जनाच्या दिवशी कंपनीचा एक मोठा साहेब पुण्याहून साठा मोजायला आला. मी गाडीत होतो आणि झोपलो होतो. जाग आली तर काचेच्या पलीकडे पराग आणि एक टाय घातलेला माणूस उभे, दोघांची तोंडं मासोळीसारखी उघडमीट करून राहिलेली, आणि मला अक्षरही ऐकू येईना. मी हात जोडले. साहेबानेही हात जोडले. नंतर परागने सांगितलं की त्याने घाबरून साहेबाला म्हटलं, ये कस्टमर हैं, दो महीने से रोज आके बैठते हैं. साहेब म्हणाला, जिच्यात गिऱ्हाईक दोन महिने बसून राहिलं आणि जी तुम्हाला विकता आली नाही, ती गाडी दसऱ्याला माझ्या यादीत दिसता कामा नये. पाहिजे तेवढी सूट द्या आणि काढा. त्यानंतर पितृपक्ष लागला. पितृपक्षात आपल्याकडे कोणी रुमालही नवा घेत नाही, तर गाडी कोण घेतो. शोरूममध्ये पंखे बंद करून बसतात. पण चौकशा चालू असतात, आणि गेल्या आठवड्यात परागने चहा पिता पिता सांगितलं की वांगी रंगाला पार्टी मिळाली. नागपूरची. रेल्वेतून रिटायर. रंगाला ना नाही, दसऱ्याला पाहिजे. (नागपुरात रेल्वेतून रिटायर झालेले पुष्कळ लोक आहेत, म्हणून मी त्यावर जास्त विचार केला नाही.) मी सहज म्हणालो की पराग, रेल्वेचे रिटायर लोक चौकशी फार करतात, घेत काही नाहीत, त्यांना वेळ घालवायचा असतो. तो विचारात पडला आणि त्याने जगदलपूरच्या एका ठेकेदारालाही फोटो पाठवून दिले, जे मला अभिप्रेत नव्हतं. आता तो ठेकेदार घटस्थापनेला येऊन राहिला. म्हणजे माझी गाडी एक तर नागपूरला जाते किंवा जगदलपूरला, आणि मी पांढऱ्या गाड्यांमध्ये उभा राहतो.

असो. तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. सप्टेंबरचे आकडे आज दुपारीच फोनवर आले, दत्तोपंतांना उद्यापर्यंत धीर नव्हता. धाकटी पुन्हा वाढली, या खेपेला त्रेपन्न टक्के. दत्तोपंत डोलत होते. मी त्यांना म्हटलं, पंत, पंचांग काढा. गेल्या साली अधिक महिना होता, नवरात्र अर्ध्या ऑक्टोबरात आलं, म्हणून गाड्याही उशिरा निघाल्या. यंदा नवरात्र तीन तारखेला, तेव्हा सगळे ट्रेलर सप्टेंबरातच धावले. वाढ कंपनीची नाही, तिथींची आहे. बरं, ज्या पंधरवड्यात एकाही माणसाने एकाही गाडीला हार घातला नाही, त्या पंधरवड्यात विक्रमी विक्री झाली हे छापायला तरी थोडं थांबायचं. पंत म्हणाले, "हव, ये बात तो है," आणि समोसा मागवला, या वेळी त्यांच्या खर्चाने. तेव्हा माझं स्पष्ट मत असं की तुम्ही धाकटीच्या नादी लागू नये. नागपुरात थोरलीची साधी पांढरी गाडी घ्यावी, तिचं दार डब्यासारखं लागतं, पण तुम्हाला तसाही एका कानाने कमीच ऐकू येतं, तेव्हा शांततेवर खर्च करण्यात तुमचा काही फायदा नाही. हे मी केवळ आकड्यांच्या आधारे सांगतो.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला मोहाचं तेल लावून पाहा, इथलं पाठवतो.

तुमचा,
शालिग्राम

ता. क. दादा, वरचं वाचून तुम्ही लाल पेन्सिल हातात घेतली असेल, म्हणून सरळच लिहितो. ती नागपूरची पार्टी तुम्ही आहात. परागच्या वहीत तुमचा फोन नंबर पाहिला, शेवटचे चार आकडे मला पाठ आहेत. एवढीच विनंती की ती गाडी मला सोडावी. आणि सोडलीच आहे तर आणखी एक करावं. वनमालाला एक कार्ड टाका की थोरला भाऊ म्हणून तुम्हाला वाटतं, आता या वयात शालिग्रामने एक नवी गाडी घ्यावी, रंग कोणताही असो. तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. ती मला सांगेल, मी नाही म्हणेन, ती पुन्हा सांगेल, मी दोन दिवस पेन्सिल घेऊन बसेन आणि मग केवळ तुमचा मान ठेवायचा म्हणून कबूल होईन. जगदलपूरवाल्याचं मी पाहतो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवून पोस्टात निघालो होतो, वाटेत शोरूम लागलं म्हणून आत गेलो. पराग कागद भरून राहिला होता. वांगी रंगाच्या गाडीचे. कागदावर नंबर रायपूरचा मागितलेला. म्हटलं, पार्टी नागपूरची आणि नंबर आमचा कसा, टॅक्स दोनदा भरायची हौस आहे का त्यांना. परागने जेवणाचा डबा उचलून कागदावर ठेवला. पण डबा लहान होता. पत्ता दिसला, शंकर नगर, आमचीच गल्ली. नावाचं पहिलं अक्षर दिसलं, व. दादा, आमच्या गल्लीत व पासून नाव सुरू होणाऱ्या बाया तीन. एक शहाऐंशी वर्षांची आहे, एक अजून बसायला शिकून राहिली, आणि तिसरी तुमची बहीण.

म्हणजे तिला रायपुरात चौकशी करता येत नव्हती, कारण इथे कोणी गाडीचं नाव काढलं की तासाभरात माझ्या कानावर येतं, म्हणून ती तुमच्या नावाने नागपूरहून फिरून आली. आणि तुम्ही ते कात्रण, ते गोल, ते दसरा, ते तुम्ही या लाइनीतले. मी दारातून येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पाकिटाचा अंदाज एका नजरेत घेतो आणि तुम्ही तीन रुपयांच्या पेन्सिलीने माझा घेतला. मी रोज त्या गाडीत जाऊन बसतो हे तिला कसं कळलं, ते मी विचारणार नाही. परागला तिथल्या तिथे सांगितलं की रेल्वेची माणसं शब्दाची पक्की असतात, जगदलपूरवाल्याला फोन करून येऊ नको म्हण. तो म्हणाला, "भैया, पिछले हफ़्ते तो आप..." मी म्हटलं, गेल्या आठवड्याचे आकडे जुने झाले.

पत्र फाडणार होतो, पण त्रेपन्न टक्क्यांचा अर्थ इतका नीट पुन्हा लिहिणं व्हायचं नाही, म्हणून पाठवतो. तुम्ही वाचून जाळावं आणि दसऱ्यापर्यंत आपलं काही बोलणं झालं नाही असं समजावं. तिला कळू देऊ नका की मला कळलं. मला चकित होता येतं का ते आजपासून आरशात पाहतो.

ता. क. तिसरा, धंद्याचा. पायाखालच्या चटया, मागचा कॅमेरा, पहिल्या दोन सर्व्हिसिंगा, सगळं फुकट मागा, ते देतात. सीट कव्हर मात्र त्यांच्याकडून फुकटही घेऊ नका. मापं मी जुलैतच घेतली. पंडरीत कापड पसंत करून ऑगस्टात कव्हरं शिवूनही झाली, दुकानात माळ्यावर कोणा गुलाबरावांच्या नावाने बांधून ठेवली आहेत, असे कोणी गुलाबराव नाहीत. ड्रायव्हरशेजारच्या सीटची मानेमागची गादी दीड बोट खाली घेतली आहे, तुमच्या बहिणीची मान तिथे लागते.